दस्तगीर मास्तरांनी वाचलेलं पत्र

मुरुमहून सोलापूरला जाणारी दुपारची एसटी नळदुर्गच्या स्टँडवर थांबली आणि कंडक्टरनं दारातूनच मला हाक मारली. मी तेव्हा शिकवतो त्या कॉलेजातून परतताना चहासाठी थांबलो होतो. "सर, तुमचे दस्तगीर मास्तर गेले. सकाळीच गेले. त्यांच्या लेकीनं, हलीमाबींनी, तुमाला सांगायला लावलंय," एवढं बोलून त्यानं घंटी मारली. गाडी गेली. चहा तसाच टाकून मी रस्ता ओलांडला आणि मुरुमकडं जाणारं पहिलं वाहन पकडलं. मास्तर ऐंशीच्या घरात होते, वर्षभर अंथरुणालाच होते, तेव्हा बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. पण माणूस तयारीत असतो ती तयारी कशाची असते कोण जाणे... कब्रस्तानात माती द्यायला वाकलो आणि मूठ उघडेना. शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी हळूच माझं मनगट धरलं, तेव्हा माती पडली.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. मास्तरांवर लिहायचं म्हणजे त्यांच्या एका खोट्याबद्दल लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस हात धजत नव्हता. पण ते खोटं माझ्यासाठी बोललं गेलं होतं. ते मी नाही सांगितलं तर सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी शाळेत होतो तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, तहसिलातून येणारा प्रत्येक कागद उर्दू. आमच्या घरी कन्नड बोलत, पेठेत मराठी, आणि माझे वडील, अप्पा, आडतीचं दुकान चालवत ते मोडीत लिहून. उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. पेठेतल्या बहुतेकांची तीच गत. त्यामुळं कुणाकडंही सरकारी कागद आला की तो माणूस टपाल हातात धरून थेट मास्तरांच्या ओट्यावर जाई. मास्तर शाळेत उर्दू आणि हिशेब शिकवत. उंच, सडपातळ, किंचित वाकलेले, डोक्यावर मऊ काळी टोपी. घरात दखनी, आमच्याशी मराठी, अव्वाशी, म्हणजे माझ्या आईशी, कन्नड. कागद वाचायचे तेव्हा एकेक शब्द उर्दूत वाचत, मग त्याचं मराठी सांगत, मग विचारत, "समजलं का?" नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांनी वाचलं म्हणजे तसंच लिहिलेलं असणार, यात पेठेत कुणालाच शंका नव्हती.

मी त्यांचा विद्यार्थी. पाठांतराला पक्का. मास्तर जे सांगत ते मी घोकत असे आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवत असे. त्या जोरावर मॅट्रिक झालो आणि पेठेतला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा ठरलो. शहरातल्या कॉलेजात सायन्सला नाव घातलं. निघताना अप्पांनी नवी सतरंजी दिली, अव्वानं शेंगाचटणीचा डबा दिला, आणि मास्तर मोटारीपर्यंत पोचवायला आले.

कॉलेजात पहिल्या शशमाहीला, म्हणजे सहामाही परीक्षेला, चार विषयांत नापास झालो. पाठांतर तिथं पुरेना. तिथलं उर्दू आमच्या मुरुमचं नव्हतं. पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर 'मरकज-ए-सिक्ल' म्हणत, मीही वहीत 'मरकज-ए-सिक्ल' लिहून घेई आणि रात्री डोळे मिटून तेच शंभरदा म्हणे. त्याचा अर्थ काय हे विचारायची माझी हिंमत नव्हती आणि मला तो कळलाय का हे विचारायची त्यांना गरज वाटत नव्हती. वर्षअखेरच्या सालाना परीक्षेतही तेच झालं. अशा मुलांचं काय करायचं याची कॉलेजची रीत ठरलेली होती. जिन्याशेजारच्या फळ्यावर कमजोर मुलांची यादी लागे. यादीतल्या मुलांनी वर्गात मागच्या दोन बाकांवर बसायचं. दुसऱ्यांदा यादीत आला तर शर्तीवर पुढं ढकलायचं. मग एक दिवस प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत बोलावणं. मी आत गेलो तेव्हा त्यांनी मान वर न करता वडिलांबद्दल विचारलं, "वालिद क्या करते हैं?" मी म्हटलं, "दुकान है, साब." ते म्हणाले, "तो फिर यहाँ क्यों वक्त खराब करते हो?" एवढंच. मोजून दोन प्रश्न झाले. मला काय कळत नाही, हा तिसरा प्रश्न त्या इमारतीत मला कुणीच विचारला नाही. नंतर कळलं की घरी तंबीचं पत्र गेलंय: पुढच्या परीक्षेआधी मुलाला काढून न्यावं, नाहीतर नाव खारिज होईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीला मी घरी आलो तो मान खाली घालून. अप्पांचा हात जड होता, लहानपणी त्याचा मार खाल्लेला होता. पण अप्पा गादीवरून उठून पुढं आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "कॉलेजवाले लई चांगले हायत रं. एवढं कोण लिहितंय?" मला काही कळेना. अप्पा सांगू लागले. पत्र आलं होतं, मास्तरांनी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मुलगा हुशार आहे, पण शहरातली भाषा त्याला नवी आहे, तर सुट्टीत त्यानं आपल्या जुन्या मास्तरांकडं रोज बसावं, म्हणजे पाया पक्का होईल. "उत्तर बी धाडलंय आपण. मास्तरांनी लिहिलं, म्या सही केली." पत्र दुकानातल्या तारेला टोचून ठेवलेलं होतं. अप्पांची पाठ वळल्यावर मी ते वाचलं. त्यात तंबी होती. दुसरं काहीही नव्हतं.

मी तसाच मास्तरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून हलीमाला, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीला, पाटीवर गणित घालत होते. तिला त्यांनी आत पाठवलं आणि मला म्हणाले, "वाचलंस?"

"व्हय."

"मग आता बोलू नको. पुस्तक आणलंस का?"

पुस्तक उघडून त्यांनी मला मरकज-ए-सिक्ल सांगायला लावलं. मी डोळे मिटून घडाघडा म्हटलं. मास्तर म्हणाले, "म्हंजे काय?" मी पुन्हा तेच म्हटलं. "हे मी ऐकलं. म्हंजे काय, ते सांग. मराठीत सांग, कन्नडात सांग, हलीमाला कळंल असं सांग." मला एक शब्द सांगता येईना. टोपी काढून मास्तरांनी मांडीवर ठेवली... "महालिंग," ते म्हणाले, "त्या पत्रात तुझं नाव हाय. पण ते माझं पत्र हाय. मी तुला पाठ करायला शिकवलं. तू पाठ केलंस की मला बरं वाटायचं. समजलं का, ते तुला कधी विचारलंच न्हाय. ओट्यावर येणाऱ्या सगळ्यांना विचारलं, तुलाच तेवढं न्हाय विचारलं."

त्या उन्हाळ्यात सकाळच्या उन्हात आम्ही रोज बसलो. मास्तरांना स्वतःला पदार्थविज्ञान येत नव्हतं. त्यांना उर्दू येत होतं, मला मुरुम येत होतं, असं म्हणू या. ते शब्दाचा अर्थ फोडून सांगत: मरकज म्हणजे मधली जागा, सिक्ल म्हणजे भार; आज आपण ज्याला गुरुत्वमध्य म्हणतो तो. आणि मग ती जागा शोधायला आम्ही उठून बाहेर जात असू. आमच्या गाडीवानाला बोलावून त्यांनी विचारलं, कडब्याची गाडी भरताना उलार कधी होते, म्हणजे मागं भार जास्त होऊन पुढचं जू वर कधी उचललं जातं? गाडीवान म्हणाला, "त्यात काय मास्तर, आसाच्या पाठीमागं वझं गेलं की उलार." मास्तर माझ्याकडं वळले. त्या दिवशी तो धडा मला जन्मात पहिल्यांदा समजला आणि पुढं कधी विसरलो नाही. मोटेचं चाक, तेलाचा घाणा, अप्पांचा तराजू, सगळीकडं आम्ही हिंडलो. समजलेलं मी मास्तरांना समजावून सांगायचं, त्यांना कळेपर्यंत सांगायचं. ते मुद्दाम अडत की खरंच अडत, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

मास्तरांनी उत्तर म्हणून लिहिलेल्या, अप्पांच्या सहीच्या त्या अर्जावर कॉलेजनं एक संधी दिली होती. मी परत गेलो, मन लावून अभ्यास केला. वार्षिक परीक्षेत पदार्थविज्ञानात पास झालो, चांगला झालो. उत्तरात मी बैलगाडी काढली होती, ते पाहून प्रोफेसरांनी मला बोलावून विचारलं, "ये कहाँ से सीखा?" पण रसायनात आणि इंग्रजीत राहिलो. एकाच सुट्टीत सगळा डोंगर थोडाच उचलला जाणार होता? दोन विषय गेले की शर्त मोडली, असा नियम होता. एका विषयात हा मुलगा शून्यातून वर आलाय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं याची सोय यादीत नव्हती. नाव खारिज झालं.

मी घरी पोचलो त्याच दिवशी पत्रही पोचलं. अप्पांना वाटलं, पुन्हा शाबासकी असेल. सवयीनं ते ओट्याकडं निघाले, मी मागोमाग. वाटेत सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाऊसपाण्याचंच काहीतरी बोललो. मास्तरांनी पत्र मनात वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "मल्लप्पाशेठ, हे वाचायच्या आधी गेल्या साली आलेलं पत्र पुन्यांदा वाचायचं हाय. ते घेऊन या." अप्पांनी मला पिटाळलं, मी तारेवरचं पत्र काढून आणलं. मास्तरांनी ते वाचलं. उर्दू वाचलं, मराठी सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग नवं वाचलं. मग म्हणाले, "पहिलं मी खोटं वाचलं व्हतं. पोराला एक उन्हाळा मिळावा म्हणून वाचलं. पोराचा यात हात न्हाय."

अप्पा उभेच होते. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "मला डोळे न्हाईत म्हणून मी तुमच्याकडं यायचो, मास्तर." आणि वळून चालू लागले. मास्तर ओट्यावरून खाली उतरले, दोन पावलं पुढं आले आणि थांबले. दोन्ही पत्रं त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

त्यानंतर अप्पा कधी त्या ओट्यावर कागद घेऊन गेले नाहीत. कागद आला की ते उमरग्याला जात, तिथं एका वकिलाच्या कारकुनाकडून वाचून घेत. दिवस मोडायचा, पण जात; मला उर्दू येत असूनही माझ्यापुढं कधी कागद धरला नाही, जणू त्या खोट्यात माझाही वाटा होता. पेठेत लोक विचारत, मास्तर सोडून उमरग्याला का? अप्पा म्हणत, तिकडं काम असतंय. खरं कारण त्यांनी कुणालाही, अगदी अव्वालाही, सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मास्तरांचा ओटा ओस पडला असता. मी दुकानात बसू लागलो. मास्तर एकदा वाटेत भेटले, म्हणाले, "कॉलेजनं नाव काढलंय, मी न्हाय काढलं. येत जा." मी हो म्हटलं, पण गेलो नाही. माझ्यामुळं दोन चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, हे मनातून हलत नव्हतं.

मग निजामाचं राज्य गेलं, आणि राग मुसलमान घरांवर निघाला. त्या दिवसांत आमच्या भागात माणसांनी माणसांचं काय केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून काय करायचं... मला एवढंच आठवतं की रोज सकाळी अप्पा दुकान उघडायच्या ऐवजी मास्तरांच्या घराकडं जात आणि बंद दाराबाहेर ओट्यावर बसून राहत. आत जात नसत, हाक मारत नसत. मांडीवर काठी घेऊन नुसते बसत. दुपारी अव्वा तिथंच भाकरी पाठवी. दोन माणसांची सांगितली तरी पाच माणसांची पाठवी, आणि उरलेली आत जाई. पेठ निवळल्यावर अप्पांनी पुन्हा दुकान उघडलं. मास्तरांशी बोलणं मात्र तरीही नव्हतं.

शाळा मराठी झाली आणि मास्तरांच्या वाट्याला पंचेचाळिशीत परीक्षा आली. मराठी लिहिता-वाचता येतं अशी परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. मास्तर मराठी बोलत ते आमच्यासारखंच, पण लिहायचं म्हटलं की हात उजवीकडून निघे. पहिल्यांदा नापास झाले. दुसऱ्यांदा नापास झाले. त्यांचं नाव यादीत आलं आणि यादी शाळेच्या भिंतीवर लागली. ज्या पोरांना त्यांनी शिकवलं तीच पोरं ती यादी वाचत होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मास्तर आमच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. अप्पा गादीवर होते. मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "महालिंग, मला शिकवतोस का?"

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी शेजारची बैठक झटकली आणि स्वतः गोदामात निघून गेले.

दुकानात बसल्यापासून मी बाळबोध, म्हणजे देवनागरी, मराठी लिहा-वाचायला शिकलो होतो. रोज दुपारी मास्तर येऊ लागले. वेलांटीनं त्यांना फार छळलं. ऱ्हस्व कुठली, दीर्घ कुठली, आणि का? "का?" हे ते प्रत्येक शब्दाला विचारत. एकदा मी वैतागलो आणि म्हणालो, "मास्तर, पाठच करा की. परीक्षेपुरतं हाय." ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे. मी पाटी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांचा निबंध मी घेत असे, त्यांचं वाचन घेत असे, आणि गोदामाच्या दाराआड पोती हलवण्याचा आवाज थांबलेला मला ऐकू येई.

अशाच एका दुपारी अप्पा बाहेर आले. हातात तहसिलातून आलेला कागद. सरकारी कागद आता मराठीत येत होते, पण छापील बाळबोध अक्षर अप्पांना तितकंच परकं होतं. माझ्यापुढं धरला असता तर मी एका दमात वाचला असता. अप्पा माझ्यापुढून गेले आणि कागद त्यांनी मास्तरांच्या समोर धरला.

"मास्तर, हे वाचा."

मास्तरांनी कागद घेतला, पण वाचेनात. म्हणाले, "शेठ, मला लई वेळ लागंल. चुकंल बी."

"लागू द्या," अप्पा म्हणाले आणि समोर मांडी घालून बसले. "मला कुठं जायचंय? आज उमरग्याला जायचं न्हाय मला."

मास्तरांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. विहिरीच्या पाण्याबाबतचा साधा कागद होता. 'उपरोक्त' या शब्दाशी ते अडले, मी सांगायला तोंड उघडलं तसा अप्पांनी हात वर करून मला गप्प केलं. मास्तरांनी तो शब्द चार वेळा फोडला, चार वेळा जोडला आणि शेवटी नीट म्हटला. अर्धा तास लागला असेल. शेवटच्या ओळीखालची सही, हुद्दा, तारीख, सगळं वाचलं. मग घाम पुसून, जुन्या सवयीनं, त्यांनी विचारलं, "समजलं का?"

अप्पा म्हणाले, "समजलं. पयल्यापासून समजलं व्हतं, मास्तर. नुसता राग व्हता."

तिसऱ्या खेपेला मास्तर पास झाले, अगदी काठावर. त्यांनी नंतर बारा वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि पास झाले त्याच साली मला पुन्हा कॉलेजात घातलं, या खेपेला सोलापूरला. अप्पांना त्यांनीच राजी केलं, आणि या वेळी सगळं खरं सांगून: "पोरगा दोन-तीनदा आपटंल. आपटू द्या." मी दोनदाच आपटलो. आज मी त्याच विषयाचा प्राध्यापक आहे. दर सहामाहीला आमच्याही कॉलेजात नापास मुलांच्या याद्या होतात, घरी पत्रं जातात, त्यांवर मीही सह्या केल्या आहेत. पण सही करण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून एका धड्याचा अर्थ आपल्या गावच्या बोलीत सांगायला लावतो. तामलवाडीची एक मुलगी तीनदा नापास होऊन गेल्या वर्षी पास झाली. काही मुलं तरीही मागंच राहतात. त्यांना मी काय देऊ शकलो नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मास्तर असते तर मी ते त्यांना विचारलं असतं.

परवा त्यांचा चाळिसावा दिवस झाला. जेवणं झाली, माणसं पांगली, आणि मी मास्तरांच्या खोलीत खिडकीजवळ बसलो होतो. हलीमाबी भांडी आवरत होत्या. तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. लांबच्या वस्तीवरची असावी, मास्तर गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. पदराच्या गाठीतून तिनं कागद काढला आणि खोलीभर बघू लागली. हलीमाबींनी तिला जवळ घेऊन सांगितलं. ती कागद तसाच धरून उंबऱ्याशी बसली. जरा वेळानं माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी वाचता का, बाबा?"

मी वाचला. तिच्या पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला होता. मी सगळा वाचला, कारणासकट. गुडघ्यावर हात टेकून म्हातारी उठायला लागली, तोच हलीमाबींनी आतून आवाज दिला, "अम्मा, बसा. आमच्या अब्बांच्या घरी वाईट कागद वाचल्यावर लगीच उठायचं नसतंय. चहा प्यायचा, मग जायचं." स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. म्हातारी पुन्हा बसली. मीही बसलो. आम्ही दोघं एकमेकांना अनोळखी माणसं, मास्तरांच्या रिकाम्या खाटेकडं बघत, चहा येईपर्यंत बसून राहिलो.